दोन पावलं आन् एक गाठ

मी चोर हाय का न्हाई ते तुमी ठरवा. पर माझ्या पोरीनं मला चोर म्हणायचं न्हवतं. गल्लीनं म्हणलं असतं तर दोन शिव्या हासडून मी माझ्या कामाला लागलो असतो. पोटच्या पोरीला काय शिव्या देणार?

मी मंगल. माधवनगरात, बंद पडलेल्या गिरणीच्या मागल्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान हाय. दुकान म्हंजे काय, घराचीच पुढची खोली. आमचे मालक भाऊसो यंत्रमागावर कामाला हुते. ते जाऊन पंधरा वरसं झाली. तवा अपेक्षा दहा वरसांची हुती. एकच पोरगी. ती पुण्याला फॅशन डिझाइन शिकली आन् तितंच ऱ्हायली. आमच्याकडं बायका बी 'येतो, जातो' म्हणत्यात, मी बी म्हणतो. पोरगी पुण्याला गेली आन् सहा म्हैन्यांत 'येते, जाते' कराय लागली. फोनवर पहिल्यांदा ऐकलं तवा मी म्हणलं, "कोण बोलतंय?" ती लय हसली. मी न्हाई हसलो.

माझं काम फोटोवरचं. बाई येती, पिशवीतनं आधी फोन काढती, मग कापड. दोन बोटांनी फोटो मोठा करून माझ्या नाकाम्होरं धरती आन् म्हणती, "मावशी, सेम टू सेम पायजे." मुंबईची कोण ती डिझायनर बाई, एका ब्लाउजला एका दुभत्या म्हशीचं पैसं घेती म्हणं. मी फोटो बघतो, मणी मोजतो, गळ्याचा घेर नजरंनं मापतो आन् आठ दिसांत तसाच ब्लाउज शिवून देतो. फरक दावा आन् बक्षीस घिऊन जावा! पलूस, तासगाव, विटा, कुटनं कुटनं बायका येत्यात.

ह्यात काय चुकतंय असं मला कवाच वाटलं न्हाई. ती मुंबईची बाई काय सांगलीच्या बाजारात येऊन बसणार हाय? का तिच्या पोटावर माझा पाय पडतोय? आमच्या पोरींनी काय निस्ता फोटोच चाटत बसायचं? एक मातूर हाय. मी लेबल लावत न्हाई. एक बाई एकदा त्या डिझायनर बाईच्या नावाची लेबलं कुटनंतरी छापून घिऊन आली हुती, म्हणली मावशी, आतनं येवढं एक लावा. तिला मी पायरीवरनं माघारी धाडली. लेबल म्हंजे सही. दुसऱ्याची सही आपुन करायची न्हाई, असा माझा कायदा. आता त्या कायद्यावर पोरगी हसंल, पर हुता खरा.

माघात संयोगिता वैनी आल्या. कुंडलच्या. घरचा पन्नास एकर ऊस, दीर मिलिटरीत, घरात माणसांचा नुस्ता राबता. माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या पुतणीचं, प्रियदर्शनीचं लगीन निघालं हुतं आन् सात करवल्यांना एकसारखे ब्लाउज पायजे हुते. वैनींनी फोटो काढला.

काळं रॉ सिल्क. एक पोरगी पाठमोरी हुभी. तिच्या डाव्या खांद्यापासनं कमरंपतुर जाड पांढऱ्या दोऱ्यानं दोन दोन तिरपी पावलं उमटत गेलेली. बाकी काय न्हाई. ना मणी, ना टिकली. माझ्या अंगावर काटाच आला.

आता हे कळायचं तर आमच्या घरचं सांगाय पायजे. आमी वडूजकडची मेंढरंवाली माणसं. माझ्या सासूचं, हरणाबाईचं सगळं आयुष्य मेंढरामागं गेलं. दिवाळी झाली की चार-पाच घरं मिळून कळप घिऊन बाहिर पडायची. मुक्कामाला सगळ्यांचा एकच वाडा, म्हंजे माळावरचा मेंढरांचा तळ. मेंढरं मिसळत्यात तशा घोंगड्या बी मिसळायच्या, सगळ्या काळ्याच की. म्हणून ज्या त्या घरची बाई आपल्या घोंगडीच्या कोपऱ्याला पांढऱ्या लोकरीनं खूण शिवायची. हरणाबाईची खूण म्हंजे दोन तिरपी पावलं आन् मधी एक गाठ. ओल्या मातीत मेंढराचा खूर उमटतो तशी. मी लगीन होऊन आलो तवा सासूनं मला आधी चूल न्हाई दावली, ही खूण दावली. माझा पहिला टाका तिनं तीन येळा उसवला हुता.

आन् ती खूण आता वैनींच्या फोनात, कुणा परक्या पोरीच्या पाठीवर!

"मावशी, असं काय बघताय? जमंल न्हवं?" वैनी म्हणल्या. "आवं, पुण्यातल्या कुण्या पोरीचं हाय म्हणं. ती एका ब्लाउजचं जे सांगती, तेवढ्यात माझ्या साती करवल्या नटत्यात."

पुण्यातली पोरगी म्हणल्यावर तरी माझ्या डोक्यात उजेड पडाय पायजे हुता. पर पुण्यात काय पोरींचा तोटा हाय? माझी अपेक्षा कुठल्याशा कपड्याच्या कंपनीत हाय, येवढंच मला ठाव. तिनंच सांगितलेलं. काय काम करतीस म्हणलं तर म्हणायची, "ऑफिसचं असतं आई, सांगून कळायचं नाही." आन् घोंगडीचं तर तिला ल्हानपणापासनं वावडं. टोचती म्हणायची. हॉस्टेलवर देत हुतो तर न्हेली न्हाई.

माझ्या डोळ्याम्होरं दुसरीच बाई आली. दोन वरसांमागं आमच्या गावाकडं एक गॉगलवाली आली हुती. घोंगड्या पसरून पसरून फोटो काढले, म्हाताऱ्यांना बिस्किटाचे पुडे वाटले आन् गाडीत बसून गेली. मी म्हणलं, हां! तिचंच काम. बिस्किटावर आमची खूण न्हेली व्हय?

त्यात आनिक एक. फोटोत पावलं हुती, पर गाठ न्हवती. त्येनं तर माझं टाळकंच सरकलं. चोरायची ती चोरायची, आन् ती बी अर्धीच! ज्याला खूण म्हंजे काय ठाव न्हाई त्येनं हात कशाला लावायचा?

"वैनी," मी म्हणलं, "जमंल का काय इचारता? त्या पोरीपेक्षा भारी करून देतो. ह्यो माल आमच्या घरचाच हाय."

खरं सांगतो, ते सात ब्लाउज शिवताना मला जसं वाटलं तसं कवा वाटलं न्हाई. जलमभर दुसऱ्याचं बघून शिवलं. ह्या येळला फोटो बघायची गरजच न्हवती. आरीच्या भरतकामाच्या फ्रेमवर काळं कापड ताणलं की हात आपसूक चालायचा. दोन पावलं, एक गाठ. दोन पावलं, एक गाठ. मी गाठ घातली, सगळीकडं घातली. मी म्हणलं, मी कॉपी करत न्हाई, मी माझं माघारी आणतोय.

कुंडलला लगीन झोकात झालं. मला बी पत्रिका हुती, मी गेलो. साती करवल्या स्टेजवर पाठमोऱ्या हुभ्या ऱ्हायल्या आन् मान वळवून फोटो काढला. समद्या मांडवाच्या नजरा त्यांच्या पाठीवर. ताटावर बसलेल्या बायका जेवायचं सोडून इचाराय लागल्या, कुणी शिवलं, कुटं शिवलं? मी पत्रावळीम्होरं बसून निस्तं ऐकत हुतो. भाऊसो असते तर त्यांच्या कानात सांगितलं असतं, बघा, तुमच्या आईची खूण स्टेजवर चढली. शेजारची खुर्ची रिकामी हुती. मग जिलेबी खाल्ली आन् यष्टीनं माघारी आलो.

तो फोटो फिरला आन् माझ्या दारात रांग लागली. दीड म्हैन्यात त्या खुणंचे चाळीस तरी ब्लाउज गेले असतील.

चैत सरता सरता, दुपारची, अपेक्षा आली. न सांगता. पोरगी कवा न सांगता येत न्हाई, येणार म्हणली तरी चारदा रद्द करती. मी हरखून उठलो. दुकानात गिऱ्हाईक न्हवतं. फ्रेमवर एका ब्लाउजची पाठ ताणलेली हुती, अर्धी झालेली. तिनं चप्पल बी काढली न्हाई. उंबऱ्यातनंच ती फ्रेमकडं बघत ऱ्हायली.

"बस की गं. उनाची आलीस. पाणी पी आधी."

"आई, हे कोणाचं आहे?"

"आपलंच की! आजीची खूण हाय, वळखली न्हाईस? पुण्यातल्या कुण्या भवानीनं चोरली हुती, म्हणून मी..."

"ती भवानी मी."

मला आधी हसायलाच आलं. वाटलं, थट्टा करती. मग तिचं तोंड बघितलं.

तिनं हुभ्यानंच सगळं सांगितलं. नोकरी सोडून तिला दीड वरीस झालेलं. दोघी मैत्रिणींच्या खोलीत एक मशीन टाकून ती सवताचं काम करत हुती. ह्या पावलांच्या ब्लाउजवर तिचं सगळं चाललेलं. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानानं माल ठेवून घेतला हुता. मग त्या दुकानवालीनं तिला कुंडलच्या लग्नाचा फोटो दावला, सगळे ब्लाउज खोक्यात घालून माघारी दिले आन् म्हणली, गावोगाव मिळतंय ते आमच्याकडं कोण घेणार? पोरगी चोर हुडकाय निघाली. कुंडलला गेली. तितं कुणीतरी पत्ता दिला, माधवनगर, गिरणीमागची गल्ली, मंगलमावशी म्हणून इचारा.

"गल्ली इचारत आलीस?" मी म्हणलं. माझ्या तोंडातनं असलंच काय बी निघत हुतं.

"विचारायला लागलंच नाही. मंगलमावशी म्हटल्यावर कळलं. तरी वाटत होतं, दुसरी कुणी असेल."

"अगं, पर मला सांगायचं तरी! मला ठाव असतं तर मी हात लावला असता का?"

तवा ती जे बोलली ते अजून माझ्या काळजात रुतून बसलंय.

"सगळ्यांना दाखवलं, आई. ओळख ना पाळख त्यांना दाखवलं. फक्त तुला नाही दाखवलं. तुझ्या दुकानात आलेल्या फोटोचं काय होतं, ते मी लहानपणापासून बघितलंय."

म्हंजे माझ्यापासनंच लपवलं हुतं. जगाला सोडून माझ्यापासनं. दुसरी कुणी असती तर गप बसली असती. मला गप बसाय येत न्हाई, हा माझा रोगच हाय.

"शाबास!" मी म्हणलं. "आन् तुझी फी कशातनं भरली गं? ह्याच फोटोतनं न्हवं? तवा न्हाई चोरी दिसली? तवा बरी गोड लागली!"

"दिसली होती. मी गप्प बसले. ती माझी चूक."

"आन् ही खूण तुझी कवापासनं झाली? आजीची खूण हाय ती. घरचीच वस्तू घरच्या माणसानं घेतली, त्यात..."

तिनं फ्रेमवर बोट ठेवलं. "ही गाठ तू घातलीस?"

"मग? खूण पुरी नको? तू अर्धीच ठेवलीस."

"मी मुद्दाम सोडली होती. ती माझी नव्हती." तिचा आवाज फाटला. "तू तीसुद्धा घेतलीस."

मला काय कळलं न्हाई. माझा राग तवर डोक्यात चढला हुता. "म्हंजे मी चोर, आसंच म्हणायचंय न्हवं तुला? म्हण की मग एकदा तोंडानं!"

"हो. तू चोर आहेस, आई."

आन् गेली. आली तशी, चप्पल न काढता. मी पायरीपतुर गेलो, हाक मारली न्हाई. वाटलं, कोपऱ्यावर जाऊन वळंल. न्हाई वळली.

मी फ्रेमवरचं कापड फाडून काढलं. ज्यांच्या ऑर्डरी घेतल्या हुत्या त्यांचं कापड माघारी दिलं. संयोगिता वैनी त्यांच्या भैणीसाठी आल्या, तर त्यांना बी न्हाई म्हणलं. वैनी चिडल्या न्हाईत, हसल्या. "आवं मावशी, आता समद्या सांगलीत मिळाय लागलंय. तुमी एकट्यांनी बंद करून काय हुतंय?"

खोटं वाटलं म्हणून बाजारात जाऊन बघून आलो. पाच-सहा दुकानांत पुतळ्यांच्या पाठीवर आमची खूण. मशीनची, चपटी, जीव नसल्यावाणी. आन् गाठीसकट. म्हंजे पोरीच्या ब्लाउजवरनं न्हाई, माझ्यावरनं उचललेलं. एका दुकानात मी इचारलं, ही नक्षी कशाची? पोरगं म्हणलं, "मावशी, लेटेस्ट हाय."

त्यानंतरचे दिस कसे काढले, माझं मला ठाव. दुकानात दिसभर बायकांची वर्दळ असती. पर एक बी बाई माझ्यासाठी येत न्हाई, हे तवर कवा ध्यानात आलं न्हवतं. फोटोसाठी येत्यात. "मावशी कशा हायसा," म्हणत्यात आन् मी त्वांड उघडायच्या आत फोन म्होरं करत्यात. मी मापं घेताना उगंच बोलणं वाढवाय लागलो. पोरगी काय करती, कुटं दिली, फोन करती का? बायका कटाळाय लागल्या.

अपेक्षाला रोज फोन लावायचो. वाजायचाच न्हाई, फोनातली बाई सांगायची बिझी हाय. अपेक्षाचा फोटो बी गेला, तितं निस्ता करड्या रंगाचा गोळा. मला वाटलं, पोरीचा फोन बिघडला. दोन हप्ते मी त्याच इचारात, पोरीचा फोन बिघडलाय, नवा घ्यायला पैसं असतील का न्हाई. मग गिऱ्हाईकातल्या एका कालिजच्या पोरीला म्हणलं, बघ गं जरा. तिनं बघितलं आन् खालच्या आवाजात म्हणली, "मावशी, तुमाला ब्लॉक केलंय." मी म्हणलं, "व्हय व्हय, ठाव हाय मला," आन् तिच्या बाहीचं माप घेतलं. ते माप चुकलं. पस्तीस वरसांत माझं माप चुकलं न्हवतं.

मग मी वडूजची यष्टी धरली. म्हणलं, सासूलाच मधी घालू. खूण तिची हाय. तिनं पोरीला फोनवर येवढंच म्हणावं की बाई, खूण घरची हाय, तुझी बी आन् तुझ्या आईची बी. मिटलं.

हरणाबाई आता पंच्याऐंशीच्या फुडं. गावाबाहिर धाकट्या दिराच्या, आकारामच्या घरी असती. पत्र्याच्या सावलीला बाजेवर बसली हुती, कोकरू मांडीला लावून. कान गेल्यात, डोळं शाबूत हायत. मी पाया पडलो, बसलो आन् सगळं ओरडून ओरडून सांगितलं. अर्ध्या गावानं ऐकलं असंल.

तिनं शेवटपतुर ऐकलं. मग म्हणली, "पोरगी आली हुती की हितं."

"कवा?"

"मागल्या दिवाळीच्या आधी. तीन दिस ऱ्हायली. माझ्याकडनं टाका शिकली. तिचा टाका लय येळा उसवाय लागला, तुझ्यापरीस जास्त."

पोरगी पुण्यासनं वडूजला आली, तीन दिस बाजेपाशी बसून टाका शिकली, आन् माधवनगरला आली न्हाई. टाका तर मला बी येतोय. पस्तीस वरसं हात त्यात घातलाय मी.

"मला म्हणली, आजी, तुझी खूण मी घेऊ का, ब्लाउजावर लावाय?" हरणाबाई सांगत हुती. "आता मला काय ब्लाउजातलं कळतंय! पर वाड्यात आमची रीतच हुती मंगे, एकीची खूण दुसरीला घ्यायची तर मागून घ्यायची. मागितली की कुणी न्हाई म्हणत न्हवतं. पोरीला कुणी न सांगता कसं कळलं, देव जाणं. मी म्हणलं, पावलं घे. गाठ ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. मी मेल्यावर ती बी घे."

मग मला गाठीचं कळलं. बाजेच्या कडंवर डोकं ठेवून मी तसाच बसलो. म्हातारीनं जलमभराचं देऊन टाकलं आन् येवढी एक गाठ मरंपतुर सवतापाशी ठेवली. पोरीनं ती पाळली. आन् मी, मी शहाणी, म्हणलं खूण अर्धीच हाय, आन् चाळीस पाठींवर ती गाठ मारली. आता ती सांगलीच्या दुकानादुकानात पुतळ्यांवर हाय. म्हातारी अजून जिती हाय आन् तिची गाठ इकली गेलीया.

हे तिला सांगायचं धाडस मला झालं न्हाई. बाजारातलं मी बोललोच न्हाई.

"तू पोरीला मागितलीस का खूण?" तिनं इचारलं.

"न्हाई, आत्ती."

"मग माग. पोटची पोरगी झाली म्हणून काय, मागाय लाजायचं व्हय?"

आकारामचा फोन घेतला. माझा नंबर तिला नको हुता, पर आकारामचा तिनं दुसऱ्याच रिंगला उचलला.

"आजी?" म्हणली. किती गोड म्हणली! वाटलं, वाईच हरणाबाईच होऊन ऐकत ऱ्हावं.

"मी हाय गं," म्हणलं.

ठेवती का काय म्हणून मी भराभरा बोललो. म्हणलं, "ऐक, ठेवू नगंस. माझं चुकलं. मी न इचारता घेतली. गाठीचं मला आज कळलं. आजीनं सांगितलं. मी आता त्या खुणंचं काय बी शिवत न्हाई, समद्यांना माघारी लावलंय. तुझं तू परत चालू कर. मी फोटोचं काम सोडतो. तू म्हणशील तसं, तुझ्या हाताखाली काज-बटण करतो. तुला इचारल्याबिगर सुईत दोरा घालणार न्हाई."

"आई, राहू दे," ती म्हणली. रागानं न्हाई. राग असता तर बरं झालं असतं. "मी ते बंद केलं. मशीन विकली. ती खूण तूच ठेव आता."

"म्हंजे? मग काय करतीयास तू?"

"नोकरी लागली. सुरतला. सोमवारी जाते."

"लांब हाय की गं. कसली?"

"कपड्यांची मोठी फॅक्टरी आहे. मोठ्या डिझायनरचे फोटो येतात. ते बघून पहिला नमुना शिवायचा, मग त्यावरून हजारो निघतात. इंटरव्ह्यूला एक फोटो दिला आणि तीन तास दिले. मी दीड तासात केलं. साहेब म्हणाले, फोटो बघून इतकं हुबेहूब शिवायला कुठं शिकलात?"

"मग?"

"मी म्हणाले, आईकडे."

तिनं टोमणा मारला न्हाई. खरं ते सांगितलं. माझ्या पोरीला मी शिकवलं म्हणून कुणी तिला कामाला लावली, आन् ती ते म्हणताना रडत हुती का काय, मला हितनं कळलं न्हाई. म्होटर का बस, कायतरी मोठ्यानं वाजलं. ज्या फोटोंच्या जिवावर मी तिला त्या फोटोंपासनं लांब धाडली, त्याच फोटोंकडं ती निघाली हुती.

"नगं जाऊस," म्हणलं. "अपेक्षा, माझ्यावाणी नगं करूस गं. मी पाया पडतो तुझ्या."

"काळजी घे, आई," म्हणली. "आजीला सांभाळ." फोन बंद झाला.

कवा येणार ते इचारायचं ऱ्हाऊनच गेलं. फोन तसाच कानाला लावून मी हुभा. आकाराम आला, हातातनं फोन काढून घेतला आन् मेंढरांकडं गेला.

हरणाबाई बाजेवरनं वाकून माझ्या तोंडाकडं बघत हुती. तिला पलीकडचं काय ऐकायला आलं न्हवतं.

"काय म्हणली पोरगी? दिली का?"

"दिली."

"मग रडतीस कशाला, येडे? आन् तिचं बरं चाललंय न्हवं?"

"नोकरी लागली तिला," मी तिच्या कानात वरडलो. "सुरतला."

"कशाची?"

"शिवायची."

म्हातारीचं सगळं त्वांड फुललं. दात नसल्यालं बोळकं दावत ती हसली, कोकराच्या पाठीवर हात फिरवला. "तुझ्यावाणी?"

"व्हय, आत्ती," म्हणलं. "माझ्यावाणीच."